तडजोड न केलेला पियानो

गिरगावात पियानो जुळवणाऱ्या एका गोवेकर सरांकडे मी शिकत होतो. सकाळी पियानो, संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं.

पहिल्याच दिवशी सरांनी डावीकडची एक पट्टी दाबून धरली. "किती सूर आले?"

"एक."

"बहिरा आहेस. परत ऐक."

कान लाकडाला टेकवल्यावर त्या सुराच्या पोटातून आधी वरचा सा निघाला, मग पंचम, मग एक बारीकसा गंधार. कोणी न वाजवलेले! एकट्या सुरात एवढी जनता असते, हे एकाही पत्रकात नव्हतं. लालबागला घरी जाऊन मी पातेली वाजवून असे पोटातले उपस्वर शोधू लागलो. आईने हातातली पळी काढून घेतली. "सभेत बोंबलतोस ते पुरत नाही काय रे?"

पुढे कळलं की दोन सुरांचे उपस्वर एकमेकांवर नीट बसले नाहीत की आवाज हेलकावतो, वाँव-वाँव. नीट बसले की शांत. पण सर म्हणाले, पंचम तसा शांत करायचा नाही. सा वरून पंचम, त्याचा पंचम, असं बारा वेळा फिरून परत सा ला यायचं, पण शुद्ध पंचमांनी तो सा चढा निघतो, म्हणून प्रत्येक पंचम केसभर उतरवायचा. नाहीतर सगळा तोटा शेवटच्या एकावर.

"म्हणजे तडजोड?"

"तडजोडच."

"आम्ही द्वैभाषिक राज्य मानलं नाही, आणि बेसूर पंचम मानायचा?"

"पियानोला मत नसतं रे बाबा."

मग दादरच्या एका गाणाऱ्या बाईंच्या घरी सरांनी प्रथमच तारा पिळायची चावी माझ्या हाती दिली. अट एकच : तक्रार आली तर चावी परत, आणि मी कायमचा पत्रकांकडे.

मी अकरा पंचम शुद्ध लावले. बारावा असा रडला की सोफ्याखालचा कुत्रा उठून त्याला साथ देऊ लागला. सर तपासायला आले. त्यांनीही तो पंचम वाजवला, कुत्र्याने पुन्हा साथ दिली. सरांनी हात पुढे केला. "चावी."

"आधी बाकीचे अकरा ऐका!"

एवढ्यात बाई आल्या, पियानोशी बसल्या, काळी चार या आपल्या पट्टीचा सूर धरून गाऊ लागल्या आणि मध्येच थांबल्या.

"मास्तर, या डबड्याचा गंधार मला इतकी वर्षं टोचत होता. आज गोड लागला. कोणी केलं?"

"चुकून झालंय, बाई. बाराव्या पंचमाचा तोटा तुमच्या पट्टीत गंधाराला गोड करून गेला. दुसऱ्या पट्टीत तोच पंचम रडतो."

"रडू दे की! मी काळी चार सोडून जन्मात कधी गायलेय?"

सरांनी कुत्र्याकडे पाहिलं. "बरं. हे घर तुझं. पण बाकीची मुंबई माझी. तिथे माझ्या पद्धतीने."

मुंबईवर हक्क सांगणारे आधीच पुष्कळ झालेत, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण सरांचा हात अजून पुढेच होता. चावी खिशात घालून मी म्हणालो, "बरं, सर."