कंपायलरचं तोंड दाबू नये

चिकलठाण्याला सोमनाथचा वजनकाट्यांचा लहानसा कारखाना आहे. तिथं प्रत्येकाचा एकेक हट्ट, पण काट्यांचे प्रोग्राम लिहिणाऱ्या राजकुमार सरांचा सगळ्यांत जुना. नवा प्रोग्राम काट्यात भरला की आधी ते स्वतः त्यावर उभे राहायचे, हातात जेवणाचा डबा घेऊन. "आधी स्वतःला तोलावं, मग जगाला," असं म्हणायचे. त्यांच्या पत्नी रत्नमाला वहिनींनी डब्यात लाडू घातले असले की आकडा जरा वर जायचा, आणि सर दोष द्यायचे काट्याला.

करुणा त्यांच्याच हाताखाली तयार झाली. सी भाषा ती कॉलेजात पास झाली होती; शिकली मात्र इथं, सरांची बोलणी खात. सर तसे फणसासारखे, पण आतले गरे हाती लागायला तिला वर्ष लागलं. कोडच्या प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर लेखक म्हणून त्यांचं एकट्याचं नाव असायचं. सोमनाथ त्याला 'सरांचा सातबारा' म्हणायचा. करुणाने एकदा तिथं हळूच आपलं नाव टाकलं, तर दुसऱ्या दिवशी ते साफ पुसलेलं. ती रुसली नाही. म्हाताऱ्या माणसाचं शेत आहे, म्हणाली, राहू द्या.

सर निवृत्तीला आले तेव्हा कारखान्यात नवा बोर्ड आला. जुन्या काट्यांतली चिप पिटुकली, नवा बोर्ड दांडगा, आणि एकच कोड दोन्हींवर चालवायचा होता. नव्या बोर्डासाठी कोड बांधायला घेतला की तो यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर पडदाभर वॉर्निंगच्या पिवळ्या ओळी ओकायचा. सगळ्यांची तक्रार एकच: तुम्ही छापायला सांगताय एका मापाचा पूर्णांक, आणि हातात देताय दुसऱ्या मापाचा. जुन्या चिपवर वजनाचा आकडा 'लाँग' असायचा, म्हणून सरांनी जागोजाग %ld हे लाँग छापायचं चिन्ह लिहिलं होतं. नव्या बोर्डावर तोच आकडा साधा 'इंट' झाला होता.

सोमनाथने सरांना साफ सांगितलं, "काका, गिऱ्हाइकाला एकबी वॉर्निंग चालत नाय. कोड स्वच्छ झाला तर आपला, नाय तर पुण्याहून तयार मागवतो."

त्या दिवशी सरांचा डबा तसाच परत गेला. संध्याकाळी स्कूटर काढताना करुणाला म्हणाले, "मी काय, घरी जाईन पोरी. पर हे लिहिलेलं चालत राहिलं पाहिजे बघ."

झालं, करुणाने मनावर घेतलं. आणि मनावर घेतलेल्या माणसाला घाई फार. तिने सगळीकडे %ld चं %d, म्हणजे इंटचं चिन्ह, केलं, आणि आता जुन्या चिपवर कुरकुर नको म्हणून प्रत्येक आकड्यापुढं 'याला इंटच समज' असा दट्ट्या लावला. दोन्हीकडे कंपायलर चिडीचूप. सर डबा घेऊन जुन्या काट्यावर उभे राहिले, नव्यावर उभे राहिले. दोन्हीकडे एकच वजन. त्यांनी कौतुकाने सगळ्यांना चहा पाजला.

चाचणीला लासूर स्टेशनचा, ट्रक तोलायचा जुन्या चिपचा भुईकाटा ठरला. मक्याने भरलेला भलामोठा ट्रक वर चढला, आणि आकडा आला उणे पंचवीस हजारांच्या घरात.

काट्यावरच्या सखारामने डोळे चोळले. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "मेरा ट्रक उड रहा है क्या भाई?" बाजारातली माणसं पोट धरून हसली. सोमनाथ हसला नाही. त्याने पुण्याला फोन लावायला मोबाइल काढला.

करुणाच्या लगेच ध्यानात आलं. जुन्या चिपच्या इंटात बत्तीस हजारांच्या वर आकडा मावतच नाही. त्याच्या पुढचं काहीही कोंबलं की उलटं फिरतं. माणूस मावला होता, डबा मावला होता, ट्रक मावला नाही.

सर खाली मान घालून म्हणाले, "माझ्याच कोडात खोट असंल रे सोमनाथ. म्हातारं झालंय तेबी."

करुणा गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण त्या पडलेल्या खांद्यांकडे तिला बघवेना.

"सोमनाथदादा, फोन ठेवा," ती म्हणाली. "सरांच्या ओळी बरोबर होत्या. कंपायलर कोकलून सांगत होता, मीच त्याचं तोंड दाबलं. मला उद्याचा दिवस द्या."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. रागावले नाहीत, हेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दोघं शेजारी शेजारी बसले. करुणाने सगळे दट्टे काढले आणि छापायच्या जागी PRId32 हे तयार नाव लिहीत गेली. ते नाव जुन्या चिपवर आपसूक लाँगचं चिन्ह होतं, नव्यावर इंटचं. माणसाने अंदाज बांधायचाच नाही. सर चष्मा पुसत बघत होते. "लई भारी," म्हणाले, "आमच्या वेळंला हे असतं तर!" मग तिच्या दोन चुका काढल्या, तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला.

लासूरला पुन्हा भरलेला ट्रक चढला. चाळीस हजार किलो, सरळ, सुलटे. नव्या बोर्डावरही तोच आकडा. सोमनाथने मोबाइल खिशात घातला आणि म्हणाला, "काका, आपलाच ठेवू."

निवृत्तीच्या दिवशी हार-तुरे झाल्यावर सर शेवटचे संगणकापाशी बसले. पहिली फाइल उघडली आणि आपल्या नावाखाली एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत, करुणाचं नाव लिहिलं. ती मागे उभी होती; तिला ते नीट वाचता येईना, डोळे भरले होते.

सरांनी कोड बांधायला लावला, जुन्या चिपसाठी आणि नव्या बोर्डासाठी. कंपायलरने चकार शब्द काढला नाही.