बँकेचा कान

भोईर आमच्या शाखेत रुजू झाले त्या दिवशी त्यांच्या शर्टावर रक्त होतं. मॅनेजर खुर्चीतून अर्धवट उठले आणि म्हणाले, "अहो, लागलंय की काय?" भोईरांनी मान खाली घालून शर्ट पाहिला. "माझं नाय ते," म्हणाले, आणि नेमणुकीचं पत्र टेबलावर ठेवून पंख्याखाली उभे राहिले. दहिवलीच्या पुलाजवळ एका टेंपोवाल्याने मोळी घेऊन चाललेल्या कातकरणीला धक्का देऊन पाडलं होतं आणि वर तिलाच शिव्या दिल्या होत्या. भोईरांनी त्याला खाली ओढून त्याचं नाक फोडलं, तिची मोळी तिच्या डोक्यावर परत चढवून दिली आणि मग ते नोकरीवर आले.

मला मारामारीची मनापासून चीड आहे, हे आधीच सांगते. मी शाळामास्तरांची मुलगी. आमच्या घरी कुणाचा आवाज चढला तर आई खिडक्या लावून घेत असे. आणि नशिबाने माझ्या शेजारच्या टेबलावर हा माणूस आणून बसवला. बँकेत माझं काम क्लार्कचं, त्यांचं शेतकी अधिकाऱ्याचं. खालापूरकडच्या भातशेतीवाल्या घरातले, शेतकी कॉलेजात शिकलेले, पण बोलणं बांधावरचं. अंगाने आडवे, मान आखूड, आणि खुर्चीच्या पाठीला कायम टेकवून ठेवलेली एक बांबूची काठी. "जनावरासाठी हाय," असं ते सांगत. जनावर कोणतं, ते सांगत नसत.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बँकांनी गोरगरिबांच्या दारात जावं असं वरून आलं होतं, आणि आमच्या मॅनेजरनी त्याचा अर्थ बाहेर एक मोठी पाटी लावणं असा घेतला होता. भोईर ती पाटी वाचून आत आले आणि म्हणाले, "साहेब, वाडीवरचा मानूस बँकेच्या पायरीवर चप्पल काढून उभा ऱ्हातो नि तसाच परत जातो. त्याला ही पाटी कोन वाचून दाखवनार?" दुसऱ्या दिवसापासून ते मोटारसायकल घेऊन निघू लागले. रस्ता संपला की ती झाडाखाली लावायची आणि चढण चालायची.

कातकरी-ठाकर आदिवासींच्या वाडीवर गेल्यावर त्यांचा एक नेम होता. ज्या झोपडीत जात तिथे आधी पाणी मागत. गावातली माणसं कातकऱ्याच्या हातचं पाणी पीत नसत, त्यामुळे घरचे चपापत. गाडगं बाहेर येईपर्यंत भोईर एक शब्द बोलत नसत. "आदी पानी, मग बँक," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाणी पिऊन झालं की मग म्हैस, विमा, हप्ता. त्या गाडग्याभर पाण्याने जी खाती उघडली ती आमच्या पाटीने कधी उघडली नसती.

बाकी त्यांची रीत मात्र सगळी मारण्याची. एकदा मुरबाडकडच्या जनावरांच्या बाजारात बँकेच्या कर्जावर म्हशी घ्यायला गेले. एका दलालाने शिंगं तासून, अंगाला तेल चोपडून एक म्हातारी म्हैस तिसऱ्या वेताची म्हणून आमच्या ठाकरांच्या गळ्यात मारायला काढली. भोईरांनी म्हशीचं तोंड उघडून दात पाहिले. मग दलालाचा जबडा धरला. "आता तुझं बी वय बघू," म्हणाले. त्याचा पुढचा एक दात तिथेच पडला. मी त्यांना म्हटलं, "भोईर, तोंडाने सांगता आलं नसतं का?" ते म्हणाले, "बाय, तोंडानं माझ्या बापानं सांगितलं हुतं. सावकारानं भर बाजारात त्याच्या तोंडावर चप्पल मारली. मी त्याचं बोट धरून उभा हुतो." हे सांगताना ते चहा ढवळत होते.

आता जानीबद्दल सांगते. जानी वाघमारे, कोंडाण्याच्या डोंगराखालच्या एका वाडीवरची कातकरीण, पदरात एक मुलगी. त्या वाडीची सगळी माणसं दिवाळीनंतर जंगलात कोळशाच्या भट्ट्यांवर जायची. भट्ट्यांचा शेठ पावसाळ्यात, नाहीतर कुणाचं लग्न निघालं की, हातावर पैसे टेकवायचा. याला उचल म्हणायचे. ती अंगमेहनतीने फेडायची, आणि ती फिटायची नाही. जानीच्या नवऱ्याने लग्नासाठी उचल घेतली होती. एका हंगामात तो भट्टीवरून पळाला. शेठचा मुकादम गणपा याने त्याला पकडून आणला आणि सगळ्यांसमोर लाकडाने मारला. दोन दिवस तो रक्त ओकला आणि भट्टीशेजारीच गेला. पोलिसात काही गेलं नाही. उचल मात्र जानीच्या नावावर आली. "तू नाय तं तुझी पोर येल," असं गणपा तिला सांगून गेला होता.

भोईरांनी वाडीवरची पहिली म्हैस जानीला मिळवून दिली. दुधाचे पैसे आठवड्याला हातात पडू लागले आणि त्या दिवाळीला जानी भट्टीवर गेली नाही. तिचं बघून आणखी दोन घरं थांबली. गणपाला राग यायला एवढं पुरेसं होतं.

म्हशीच्या कानात विम्याचा पितळी बिल्ला मारला तेव्हा भोईरांनी वाडीला गोळा करून समजावलं होतं, "हा बिल्ला बँकेचा. म्हस मेली तं बिल्ल्यासकट कान कापून आमच्याकडं आना. विमा कर्ज फेडील. तुमी मोकळे." पुढच्या वर्षी म्हैस भाकड झाली, दूध थांबलं आणि जानीचे हप्ते चुकले. गणपा तिच्या दारात जाऊन बसला. बँक आता म्हैस ओढून नेणार, म्हणाला. मग आवाज उतरवून सांगितलं, "कान दिला की फिटतं, तुमच्या भोईरानंच सांगितलाय ना? मंग देऊन टाक. म्हस तुझीच ऱ्हाईल." बिल्ला गेला की विमा गेला आणि बँकच म्हैस जप्त करील, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी जानी शाखेत आली. तिने पळसाच्या पानाची पुरचुंडी माझ्या टेबलावर ठेवली. मी उघडली आणि किंचाळले. काळा केसाळ कान, त्यात पितळी बिल्ला, आणि पान रक्ताने चिकट झालेलं. भोईर उठून आले. त्यांनी कानाकडे पाहिलं, जानीच्या लुगड्यावरच्या शिंतोड्यांकडे पाहिलं.

"म्हस कधी मेली?"

"मेली कुटं? जिती हाय," जानी म्हणाली. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "पोरीनं दावं धरलं, मी कोयत्यानं कापला. लई वरडली. बँकेचा कान बँकेला दिला, दादा. आता बाकीची म्हस आमची."

भोईरांचा हात वर गेला. मी डोळे मिटले. आवाज आला तो काचेचा. माझ्या काउंटरची काच त्यांनी मुठीने फोडली होती आणि मनगटावरून रक्त वाहत होतं. "मीच सांगितलं हुतं गं तिला," ते मला म्हणाले. "माझ्याच तोंडानं सांगितलं."

मग त्यांनी विचारलं, कान कापायला कुणी सांगितलं. जानीने खिडकीबाहेर बोट दाखवलं. गणपा समोरच्या चहाच्या टपरीवर मजा बघायला येऊन बसला होता.

पुढचं मी खिडकीतून पाहिलं आणि अजून विसरले नाही. भोईर काठी न घेता गेले. एका हातात कान. गणपाला त्यांनी बाकावरून केसाला धरून उठवला, जमिनीवर पाडला, छातीवर गुडघा दिला आणि तो कान त्याच्या तोंडात कोंबला. "खा. बँकेचा हाय," म्हणत होते. मग त्याचा हात पिरगाळला. तो मोडल्याचा आवाज मला रस्त्यापलीकडून आला. लोक गोळा झाले, पण मध्ये कुणी पडलं नाही. जानी माझ्या शेजारी उभी राहून बघत होती. तिच्या नवऱ्याला मारणारा माणूस गुरासारखा ओरडत होता आणि ती एकदाही पापणी लववत नव्हती. खरं सांगायचं तर मीही खिडकीतून हलले नाही.

गणपाने फिर्याद दिली. बँकेने चौकशी लावली. मॅनेजरनी जानीची म्हैस जप्त करायचा कागद टाइप करायला माझ्याकडे दिला. मी म्हटलं, "साहेब, म्हशीला दोन कान असतात." मी कागद टाइप केला नाही. तो माझा एवढ्या वर्षांतला एकुलता एक दांडगेपणा.

त्याच आठवड्यात भोईर वाडीवरून एकटे उतरत असताना चार जणांनी त्यांना गाठलं. ऐनाच्या झाडाला बांधलं, कुऱ्हाडीच्या दांड्यांनी बरगड्या मोडल्या आणि कोयत्याने त्यांचा डावा कान मुळापासून उतरवला. "बँकेला कान लागतात ना?" असं म्हणून तो त्यांच्या खिशात घातला. गवत कापायला गेलेल्या बायकांना ते सापडले. वाडीच्या पुरुषांनी झोळी करून त्यांना रस्त्यापर्यंत आणलं. जानी पूर्ण वाट त्यांच्या जखमेवर स्वतःचा पदर दाबून चालत होती.

मी कर्जतच्या दवाखान्यात त्यांना भेटायला गेले होते, तेव्हाच शेठ आला. हातात मोसंब्यांची पिशवी. गोरा, गोड बोलणारा माणूस. मला नमस्कारसुद्धा केला. "भोईरसाहेब, पोरांची चूक झाली," तो म्हणाला. "तुम्ही नावं सांगू नका, गणपा त्याची फिर्याद मागे घेईल. तुमची नोकरी वाचेल. मिटवून टाकू."

भोईरांचं अर्धं डोकं पट्टीत होतं. ते हळूहळू बोलले. "जानीच्या नवऱ्याची उचल?"

"ती वेगळी गोष्ट आहे."

"वेगळी नाय. माझा कान तुमच्याकडं जमा झाला. त्यात ती फिटली. वाडीवर जाऊन, सगळ्यांसमोर, तिच्या पोरीला ऐकू जाईल असं बोला. नाय तं मी चारी नावं सांगतो, आन पाचवं तुमचं."

शेठने पिशवी खाली ठेवली. "बरं" म्हणाला आणि गेला.

मी भोईरांवर चिडले. जानीच्या नवऱ्याचा जीव घेतलेले, तुमचा कान कापलेले लोक मोकळे सोडायचे? हा कसला न्याय? मी आवाज चढवला, आणि बाजूच्या खाटेवरची बाई माझ्याकडे बघायला लागली. भोईर म्हणाले, "ते तुरुंगात गेलं तरी जानीची पोर भट्टीवरच गेली असती, बाय. मला दोनातलं एकच मिळत हुतं." मला ते तेव्हा पटलं नाही. अजूनही पुरतं पटलेलं नाही. पण शेठ वाडीवर गेला आणि सगळ्यांसमोर बोलला, हे खरं आहे. म्हशीच्या दुसऱ्या कानात नवा बिल्ला बसला. ती पुन्हा व्याली आणि हप्ते सुरू झाले.

फिर्याद मागे घेतली गेली तरी बँकेने भोईरांची बदली लांब केली. पुढे ते तिकडेच राहिले आणि तिकडेच वारले. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यामुळे माझ्यासाठी शेवटचे भोईर म्हणजे कर्जतच्या एस.टी. स्टँडवरचे, कानावर मफलर गुंडाळून उभे असलेले. मी गेले होते, आणि जानी मुलीला घेऊन वाडीवरून चालत आली होती. भोईरांनी तिच्याकडे पाणी मागितलं. तिने पितळी तांब्या आणला होता. ते सगळं पाणी पिईपर्यंत कुणी बोललं नाही.

"जानी, तुझंच खरं निघालं गं," ते म्हणाले. "कान दिला नि फिटलं."

जानी हसली नाही. तिने पुढे होऊन त्यांचा मफलर सारखा केला, उजव्या बाजूला जरा जास्त ओढून घेतला.

"दुसरा जपा, दादा," ती म्हणाली. "पोरीचं लगीन व्हायचं हाय."