बैलाच्या डोळ्यांत उजेड

संगमनेरात माझी सायकल दुरुस्त करणारा माणूस मूळचा पाथर्डीकडचा. ओठांत कायम स्क्रू धरलेला, त्यामुळे बोलणं तोंडाच्या कोपऱ्यातून. पहाटे अंधारात शाळेला जायचं म्हणून मी त्याच्याकडे सगळ्यात प्रखर लाइट मागितला.

“वाटंत उसाच्या बैलगाड्या लागत्यात का, सर?”

“लागतात की.”

त्यानं तो लाइट परत ठेवला आणि साधा पिवळा बसवला. मग शटर ओढून अंधार केला, गुडघ्यांवर हात टेकून वाकला. “मी बैल हाय. या सायकल घिऊन.”

तीनदा गेलो. तीनदा त्यानं डोळे मिटले आणि उठून लाइट आणखी खाली झुकवला. चौथ्यांदा डोळे उघडे राहिले. तेव्हा त्यानं ओठांतला स्क्रू हातात घेतला आणि प्रथमच स्पष्ट बोलला.

“बैल बुजला तर गाडी खड्ड्यात जाती. वर मानसं झोपलेली असत्यात.”

दुसऱ्या पहाटे समोरून गाडी आली. माझा उजेड बैलांच्या खुरांपाशीच थांबला. उसावर एका गोधडीत दोघं झोपली होती. सवयीनं माझा अंगठा घंटीवर गेला होता. तो मी हळूच काढून घेतला.