मावशींच्या गळ्यातली डबी

बोईसरच्या कारखान्यात झाडू मारणाऱ्या त्या मावशींचं नाव मी कधी विचारलं नाही. मासवणहून यायच्या, एवढंच माहीत. माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाडीची धडक बसू नये म्हणून आम्ही प्रत्येक कामगाराच्या गळ्यात एक डबी अडकवली होती. ती गाडीपासूनचं अंतर रेडिओवर सतत मोजायची आणि गाडी जवळ आली की वाजायची. बॅटरी मात्र दोन दिवसांत संपायची.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मावशी भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या. रिव्हर्स येणारी फोर्कलिफ्ट त्यांच्या पायांपासून हातभरावर थांबली. डबी वाजलीच नव्हती. ती पलीकडे खिळ्यावर, रुमालात गुंडाळून टांगलेली होती. मी तडकलोच.

"दमते ती," मावशी ओशाळून म्हणाल्या. "सारकी इचारते, गाडी किती लांब, गाडी किती लांब. मी बसलेली, गाडी उबी, तरी इचारते. म्हणून जरा निजवली."

बॅटरी कशी टिकवायची म्हणून आम्ही चार इंजिनियर महिनाभर डोकं खाजवत होतो, आणि हे कुणालाच सुचलं नव्हतं. मग डबी तशीच केली. माणूस आणि गाडी दोन्ही जागच्या जागी असली की मोजणं बंद, फक्त मधूनमधून क्षणभर कानोसा. कुणीही हललं की लगेच जागी. बॅटरी महिनाभर पुरू लागली.

हे सांगायला गेलो, तर मावशी जेवून तशाच टेकून बसलेल्या. डबी गळ्यातच होती. मी लांबूनच हाक मारली. त्यांनी हलकेच डबीवर तळवा ठेवला.

"हळू बोला सायब. निजलीय ती."