तेवढाच ताप

रोह्याच्या औषध कंपनीत रेणूंची रचना तपासणारं एनएमआर यंत्र सांभाळणारे काका नमुन्याची नळी हातात घेताना आधी विचारायचे, "कशात विरघळवलाय?" मग यंत्राकडे मान वळवून म्हणायचे, "सोसंल तेवढाच ताप देनार हिला." तापमान हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. प्रत्येक नळी ते आधी बर्फात धरत. आमची द्रावकं दोनच: डीएमएसओ बर्फात लगेच गोठतं, क्लोरोफॉर्म गोठत नाही. आम्ही केमिस्ट नळीसोबत द्रावकाचं नाव लिहून द्यायचो, पण त्या चिठ्ठीपेक्षा त्यांचा बर्फावर विश्वास, आणि मला तो अपमान वाटायचा.

एकदा मी चिठ्ठीवर डीएमएसओ लिहून ऐंशी अंश मागितले. काकांनी नळी बर्फातून काढली, पुसली आणि माझ्यासमोर हलवली. आतलं द्रावण पातळच होतं. म्हणजे क्लोरोफॉर्म, साठाच्या जरा वर उकळणारं. ऐंशीला नळी यंत्रातच फुटली असती आणि माझी नोकरी गेली असती.

साहेब शेजारीच उभे होते. काकांनी माझी चिठ्ठी खिशात घातली, कोरी चिठ्ठी पुढे सरकवली आणि माझ्या जागरणाने तारवटलेल्या डोळ्यांकडे बघत हळूच विचारलं, "घरी कोनाला ताप हाय?"

पेणला माझी लेक तीन दिवस तापाने फणफणत होती. मी कुणालाच सांगितलं नव्हतं.