पाचवं शील आणि गोड कोंबडी

आमच्या भोरच्या विहारात दर रविवारी सकाळी वंदना असते. सगळे हात जोडून, डोळे मिटून पंचशील म्हणतात. पाचवं शील आलं की मी मात्र एक डोळा हळूच उघडायचे. दारूला शिवणार नाही, असं ते शील. ते म्हणताना आमच्या ह्यांचे ओठ हलतात का, एवढंच मला बघायचं असायचं. ह्यांनी दारू सोडून चारेक वर्षं झाली होती. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि माझं तर चांगलंच पोळलं होतं.

अशा घरात आमच्या लेकीने बाटली आणली.

ती पुण्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम शिकलेली. आता राजगडाच्या पायथ्याला, पालीत, गड बघायला येणाऱ्यांसाठी जेवणाचा स्टॉल टाकायचं तिच्या डोक्यात होतं. शनिवारी एसटीतून उतरली ती पिशवीत अर्धी भरलेली बाटली घेऊनच. मैत्रिणीने दिलेली. बर्बन म्हणे, मक्याची परदेशी दारू. ती, गूळ, सोया सॉस आणि आलं-लसूण एकत्र करून त्यात चिकन मुरवायचं आणि चकाकेपर्यंत परतायचं. पहिली चव आम्ही दोघांनी बघायची.

"कोंबडीचा शिरा करणारेस व्हय?" मी म्हटलं. "आन् ही अवदसा घरात कशाला आणलीस?"

"आई, शिजताना दारू उडून जाती. आन् पप्पांनी सोडलीय की आता!"

हे पेपर वाचत बसले होते. पान काही उलटत नव्हते. तेच मला खुपलं. वाईट दिवसांत लेक पुण्याला वसतिगृहात होती. बाप दारात आडवा झालेला तिने पाहिला नव्हता. मी पाहिला होता, आणि उचलून आतही आणला होता.

चिकन आणायला आम्ही दोघी बाजारात निघालो, तेव्हा जाण्याआधी मी बाटलीच्या लेबलावर, दारू जिथवर होती तिथे, नखाने खूण केली. परत येऊन पहिलं काम म्हणजे खूण बघितली. थेंब हललेला नव्हता. हे आतल्या खोलीत झोपले होते. चहाचं पातेलं तेवढं घासून पालथं घातलेलं दिसलं. जन्मात ह्यांनी कधी कपबशी विसळली नाही, आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय, असं वाटून गेलं.

खूण जागेवर होती, तरी मला धीर निघेना. चिकनला लागून दारू उरणारच होती. लेक आंघोळीला गेली तशी मी गुळाचा कोरा चहा उकळून गार केला, पदर नाकाशी घट्ट धरला, बाटली मोरीत उपडी केली आणि खुणेपर्यंत चहा भरून ठेवला. घर वाचवलं, असंच वाटलं.

लेक आलं-लसूण ठेचत असताना, बाटली तिच्या नाकाशी जायच्या आत, मी पुढे होऊन म्हटलं, "दे, म्या वतते." ती बघतच राहिली. आई बाटलीला हात लावते, याचंच तिला अप्रूप!

चिकन मुरलं, कढईत पडलं, गूळ तापून तुकड्यांना तकाकी आली. भाकरीबरोबर जेवायला बसलो. हे बोटं चाटत होते. मलाही आवडलं, उगीच खोटं कशाला बोलू? लेकीच्या कपाळाला मात्र आठी.

"बर्बनचा वासच न्हाई. मैत्रिणीनं मला फसवलं." तिने मोबाईल हातात घेतला.

आता बिचारीच्या मैत्रिणीवर आळ येणार! मी म्हटलं, "ठेव त्यो मोबाईल. दारू म्या मोरीत वतली. चिकनमदी पडला त्यो कोरा चहा व्हता."

लेकीचा घास हातातच राहिला. मी ह्यांच्याकडे बघायला घाबरत होते. इतक्या वर्षांनी अजून विश्वास नाही, हे असं ताटावर, लेकीसमोर उघडं पडलं होतं.

हे मात्र हसायला लागले. ठसका लागेपर्यंत हसले.

"तू कशाची दारू वततीस? तुमी बाजारात गेला, तवाच म्या वतली. तू वतलास त्यो माझा चहा व्हता. तुझ्या नखाच्या खुणेपातूर मोजून भरला व्हता."

मग पाणी प्यायले आणि हळू आवाजात म्हणाले, "ती बाटली हितं असताना मला पेपरातलं एक अक्षर दिसंना. पोरीला कसं सांगू, की बापाला अजून भ्या वाटतं?"

मला रडूच कोसळलं. त्यांना भीती वाटते, हे ऐकून मला चार वर्षांत पहिल्यांदा निर्धास्त वाटलं. लेक उठून बापाच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "पप्पा, पालीत ह्येच चिकन ठेवते. चहाचं." आणि खरंच, आता शनिवार-रविवारी गड उतरून येणारी माणसं तेच मागून खातात.

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, विहारात वंदना झाली. पाचवं शील आलं आणि माझे दोन्ही डोळे मिटलेलेच राहिले. ह्यांचा आवाज तेवढा ऐकला.

बाहेर चप्पल घालताना हे म्हणाले, "आज बघितलं न्हाईस?"

म्हणजे इतकी वर्षं ह्यांचाही एक डोळा उघडाच होता.