बुधवारची कोरी ओळ

१४ ऑगस्ट, गुरुवार; सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. जळकोटहून काकूंचा फोन आला. "अगं, तुझं काका हाका मारल्या तरी उठंनात…" मेंदूत रक्तस्राव होऊन ते झोपेतच गेले होते, हे डॉक्टरांनी नंतर सांगितले. मल्लिनाथकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. सव्वीस वर्षे त्यांनी प्रवासी विमाने चालवली आणि पन्नाशी ओलांडताच स्वतःहून नोकरी सोडली.

'स्वतःहून' हा शब्द मला पहिल्या दिवसापासून खटकत होता. गावालाही खटकत असावा. शेजारचे सिद्रामआप्पा रोज विचारत, "काय कॅप्टन, लई लवकर उतरलाव? का उतरीवलं?" काका हसत. "परवाना अजून चालू हाय, आप्पा. बोलावलं की चाललो." त्यांची उड्डाणाची बॅग दाराशी भरलेली असे. काकू ती कपाटात टाकत. दुसऱ्या दिवशी बॅग पुन्हा दाराशी. "इमान उतरलं, माणूस वरच हाय," काकू म्हणत.

मी शरीरक्रियाशास्त्रात संशोधन करते आणि आमच्या घराण्यात रक्तदाब आहे. म्हणून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सोलापूरहून बसने जाऊन मी काकांचा रक्तदाब मोजून वहीत लिहीत असे. मी सांगण्याआधीच ते पाठ टेकून, पावले जमिनीवर सपाट ठेवून बसलेले असत. "दर तपासणीला असाच बसलोय बाई. डॉक्टरनं सही न्हाय केली की वैमानिक दुसऱ्या दिवशी घरी." आकडे निर्दोष येत, इतके, की प्रयोगशाळेत कोणी ते दाखवले असते तर मी यंत्र तपासायला सांगितले असते. मी यंत्र बदलून पाहिले, हात बदलून पाहिला. आकडे तसेच. त्याच सुमारास काकूंच्या रक्तदाबाच्या गोळ्या वेळेआधी संपू लागल्या. त्या विसरून दोनदा घेत असाव्यात, असे मला वाटले. "मला काय येड लागलंय व्हय?" काकू भडकल्या. मग मी औषध दुकानदारावर संशय घेतला.

६ ऑगस्टच्या बुधवारी मी न कळवता गेले. काका नको म्हणत असताना पट्टा बांधला. वर एकशे नव्वद, खाली एकशे सोळा. मी पेन उघडले, तर त्यांनी वहीवर हात ठेवला.

"आज तुझा वार न्हाय. हे लिहू नको."

"काका, आकडा तुमचाच आहे."

"म्हणून तर. तिकडं कुणाला 'अनफिट' लिहू दिलं न्हाय. लिहायच्या आधी मीच उठून आलो. आता तू लिहिणार?" मग म्हणाले, "रविवारी घे. तवा चढलेलं निघालं तर सोमवारी तुझ्या डॉक्टरकडं येतो."

मी पेन मिटले… नोकरी सोडली की माणूस तपासणीतून सुटतो, असे आपण धरून चालतो. काका सुटले नव्हते. बोलावणे आले तर आपण जाऊ शकू, एवढ्यावर ते उभे होते. आणि दर महिन्याला त्यांना पास करणारी डॉक्टर मी होते.

रविवारी आकडा उत्तम आला. चार दिवसांत एवढा उतार औषधाविना पडत नाही, हे मला कळत होते. काकूंच्या गोळ्यांची पट्टी समोर फळीवर होती. उरलेल्या गोळ्या मोजायला अर्धे मिनिट लागले असते. पण सोमवारी पुण्यात माझी संशोधनवृत्तीची मुलाखत होती, आणि तो आकडा मलाही सोयीचा होता. "झालं ना पास?" काकांनी विचारले. मी हो म्हणाले. सोमवारी ते डॉक्टरकडे गेले नाहीत.

गेल्या आठवड्यात आम्ही बॅग उघडली. इस्त्रीचा पांढरा सदरा, विजेरी आणि सदऱ्याच्या घडीत काकूंच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. काकूंनी त्या हातात घेतल्या. "मागितल्या असत्या तर रोज दिल्या नसत्या व्हय…" मग त्यांनी सदरा घडी करून आत ठेवला, बॅग बंद केली आणि स्वतःच दाराशी नेऊन ठेवली.

वही माझ्याकडे आहे. बुधवारची ओळ कोरी आहे. तिच्याखाली, माझ्या अक्षरात, शेवटची नोंद: रविवार, १० ऑगस्ट, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे, १२६/८०.